वीज, गॅस, डोंगर आणि हातातला मोबाईल

ताई, तुम्ही तीन प्रश्न एका दमात विचारलेत. मुलगा कॉलेजच्या ग्रुपबरोबर पावसाळ्यात गडांवर जातो. विजा कडाडत असतील तर मोबाईल बंद करायचा का? घरात गॅसचा वास आला तर फोन करायचा की नाही, कारण सासूबाई म्हणतात फोनने भडका उडतो? आणि मुलगा कुठे अडकलाच, त्यात रेंज नसली, तर त्याने नेमकं काय करायचं?

रायगड जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात माझी एकवीस वर्षं गेली. सुट्टीच्या दिवशी डोंगरात अडकलेल्यांना खाली आणणाऱ्या गटाबरोबर असतो. त्यामुळे पहिले दोन प्रश्न पोटापाण्याचे आणि तिसरा आवडीचा. तिसऱ्यावर जास्त बोलणार आहे, कारण माणसं तिथेच जास्त चुकतात.

सासूबाईंपासून सुरू करतो. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त त्यामागचं कारण थोडं वेगळं आहे. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन, दोन्ही हवेपेक्षा जड. गळती झाली की तो वर जात नाही, फरशीवर पाण्यासारखा पसरतो. ओट्याखाली, पलंगाखाली, मोरीत जाऊन बसतो. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला जो उग्र दर्प येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन नावाच्या रसायनाचा. हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला की पेट घ्यायला ठिणगी पुरते.

आता ती ठिणगी धडधाकट मोबाईलमधून येईल का? शक्यता फारच कमी. त्याहून मोठी ठिणगी ट्यूबलाइटच्या बटणात असते, एक्झॉस्ट फॅनमध्ये असते, फ्रिजच्या आपोआप टक्‌ टक्‌ होणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये असते, दारावरच्या बेलमध्ये असते. मग आमच्याकडे गेटवरच मोबाईल का काढून घेतात? कारण जिथे ज्वलनशील वाफ चोवीस तास आसपास असू शकते, तिथे ‘शक्यता फारच कमी’ म्हणून भागत नाही. फोन हातातून पडतो, बॅटरी चेपते, कोणीतरी चार्जिंगला लावतो. तिथे वापरायचा फोनच वेगळा असतो. त्यात काही बिघडलं तरी वाफ पेटवण्याइतकी ऊर्जा बाहेर पडू नये, अशी त्याची बांधणी असते. अशा उपकरणांना मान्यता देणारी पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

तुमच्या स्वयंपाकघरात असा फोन नाही, पण तिथे तुम्हाला पर्याय आहे: बाहेर जाऊन बोला. शेगडीची बटणं आणि हाताशी असेल तर रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या-दारं उघडायची, घरातल्या सगळ्यांना घेऊन निघायचं. दिवा चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. मोबाईल खिशात असेल तर खिशातच राहू द्या, तो बंद करत उभ्या राहू नका. त्याचा टॉर्च लावून सिलिंडरच्या मागे वाकून बघायचं तर अजिबात नाही. शेजाऱ्यांची बेल वाजवायची नाही, दार ठोठवायचं. खाली अंगणात किंवा रस्त्यावर पोचलात की १९०६ लावा. हा एलपीजी गळतीसाठीचा देशभरचा नंबर आहे आणि तो चोवीस तास चालतो. आग लागली असेल तर थेट १०१ किंवा ११२. तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल तर तो हवेपेक्षा हलका, वर छताकडे जातो, पण क्रम हाच. मीटरजवळचा व्हॉल्व्ह तेवढा बंद करायचा.

एकदा रात्री साडेदहाला आमच्याच वसाहतीतल्या एका वहिनींचा फोन आला. “भाऊजी, गॅसचा वास येतोय, काय करू?” मी म्हटलं, आधी बाहेर या, मग बोला. त्या ‘हो हो, निघते’ म्हणाल्या आणि मला फोनवर बटणाचा टक्‌ असा आवाज ऐकू आला. खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवायची इतक्या वर्षांची सवय. काही झालं नाही, गळती किरकोळ होती. पण तो ‘टक्‌’ मी अजून विसरलेलो नाही. घरात उभं राहून फोनवर बोलण्यातला खरा धोका हा आहे: बोलताना डोकं फोनमध्ये जातं आणि हात आपल्या जुन्या सवयीने चालतात.

पेट्रोल पंपाचंही साधारण तसंच. ‘मोबाईल वापरू नका’ ही पाटी आणि तिच्या शेजारीच पैसे देण्याचा क्यूआर कोड, हे दृश्य तुम्ही रोज बघता आणि मनात हसत असाल. पंपावरच्या ज्या आगींची नीट तपासणी झाली त्यांत मोबाईल दोषी ठरल्याचं माझ्या वाचनात नाही. बहुतेकदा कारण निघतं स्थिर वीज, किंवा गरम इंजिनवर सांडलेलं पेट्रोल. तरीही पाटी पाळा. पैसे द्यायचे तर नोझलपासून दोन पावलं लांब होऊन द्या. मोबाईलवर बोलत पेट्रोल भरणाऱ्याचं लक्ष टाकीकडे नसतं, आणि टाकी ओसंडून वाहते ती तेव्हाच.

आता वीज.

मोबाईल वीज ओढून घेत नाही. ही समजूत कुठून पसरली त्याचा एक धागा सांगतो. २००६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लंडनच्या काही डॉक्टरांचं एक पत्र छापून आलं. बागेत मोबाईलवर बोलत असताना वीज पडलेल्या एका मुलीबद्दल ते होतं. वीज पडल्यावर कानाशी धरलेल्या धातूमुळे इजा वाढू शकते का, हा त्यांचा मुद्दा होता. बातम्या होता होता त्याचं ‘मोबाईलमुळे वीज पडते’ असं झालं. आपल्याकडे त्यात आणखी एक भर. शेतात झाडाखाली उभ्या असलेल्या माणसावर वीज पडते, खिशात जळालेला मोबाईल सापडतो, आणि गाव म्हणतं, मोबाईलने घात केला. झाडाचं नाव कोणी घेत नाही. अहो, मोबाईल आता प्रत्येकाच्याच खिशात सापडणार! वीज झाडावर आली, झाडावरून माणसात.

वीज बघते उंची आणि उघडेपणा. म्हणून डोंगरात मोबाईलचा विजेशी संबंध आडवळणाने येतो, आणि तो फार खरा आहे: गडावर रेंज कुठे मिळते? बुरुजावर, बालेकिल्ल्याच्या टोकावर, भगव्या झेंड्याच्या लोखंडी खांबाजवळ. पाऊस आला, घरी कळवायचंय, म्हणून पोरं नेमकी तिथे जाऊन उभी राहतात. वीज चमकताना गडावर याहून वाईट जागा नाही. मुलाला हे सांगा: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग फोन, फोटो, सगळं राहू द्यायचं आणि माथा सोडून खाली यायचं. लोखंडी रेलिंग आणि शिड्यांपासून लांब. एकट्या झाडाखाली नाही. कातळाच्या उथळ कपारीत अंग चोरून तर नाहीच, कारण कड्यावरून उतरणारी वीज कपारीच्या तोंडाशी उडी मारते. सगळ्यांनी एकमेकांपासून अंतर ठेवायचं, उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवं बसायचं. खिशातला मोबाईल चालू आहे की बंद, याने काही फरक पडत नाही.

घरात मात्र एक पथ्य: विजा होत असताना चार्जिंगला लावलेला मोबाईल कानाला लावायचा नाही. वायरशी जोडलेली कुठलीच वस्तू तेव्हा हाताळू नये. निघण्याआधी ‘दामिनी’ हे अ‍ॅप बघा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं आहे, तुमच्या आसपास २० ते ४० किलोमीटरमध्ये विजा आहेत का ते दाखवतं. पण त्याला डेटा लागतो, त्यामुळे रेंजबाहेर भरवसा आपल्या कानांवर आणि सेकंद मोजण्यावरच.

आता डोंगर.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवू. डोंगरात अडकल्यावर मोबाईल ही मर्यादित पाणी असलेली बाटली आहे. तिच्यात एक नीट केलेला कॉल, दोन-तीन एसएमएस आणि रात्रभराची वाट बघणं एवढं बसतं. ते कशावर खर्च करायचं हे पहिल्या पाच मिनिटांत ठरतं.

आम्हाला येणारा नेहमीचा कॉल असा असतो: “सर, आम्ही हरिश्चंद्रगडावर अडकलोय, मित्राचा पाय मोडलाय, लवकर या.” आणि फोन कट. आता हरिश्चंद्रगडावर कुठे? पाचनईची वाट अकोले तालुक्यातून येते, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट जुन्नर तालुक्यात सुरू होते, म्हणजे पुणे जिल्हा. कोकणातून बेलपाड्याहून नळीच्या वाटेने आलात तर पायथा मुरबाड तालुक्यात, ठाणे जिल्हा. तीन बाजू, तीन जिल्हे, तीन पोलीस ठाणी. कोकणातल्या पायथ्याहून घाटावरच्या पायथ्याला गाडीने जायचं तर माळशेज घाट पार करून काही तास जातात, तेही धुक्यात आणि दरडी नसतील तर. चुकीच्या पायथ्याला पोचलेलं पथक म्हणजे गेलेली रात्र. मी स्वतः अशी रात्र घालवली आहे. समोरचा मुलगा ‘नळीची वाट’ म्हणत होता आणि आमच्यापैकी एकाने भलतीच वाट ऐकली.

म्हणून कॉल लागला की पहिलं वाक्य जागेचं. काय झालं ते नंतर. कॉल कधीही तुटतो; ‘पाय मोडला’ एवढंच कळलं तर आम्ही निघू शकत नाही, ‘खिरेश्वरकडून टोलार खिंडीच्या वर’ एवढंच कळलं तर निघतो. गडाचं नाव, कुठल्या गावातून चढलात, कुठल्या वाटेने, किती वाजता निघालात, शेवटची ओळखीची खूण कुठली होती: टाकं, गुहा, खिंड, लोखंडी शिडी, देऊळ. त्यानंतर किती जण, जखमी किती, बोलतोय का, रक्त थांबलंय का. मग कोणाचा फोन चालू राहणार तो नंबर आणि त्याची बॅटरी किती टक्के. हा शेवटचा आकडा आम्ही मुद्दाम विचारतो, त्यावर पुढचा कॉल किती वाजता करायचा ते ठरतं.

याहून पक्की गोष्ट म्हणजे अक्षांश-रेखांश. गुगल मॅपवर आपण जिथे आहोत त्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात, त्यांत दशांश चिन्हानंतर बरेच अंक असतात. चार अंक पुरतात, तेवढ्याने जागा दहा-बारा मीटरपर्यंत नेमकी कळते. यात दोन फसगती आहेत. एक, मॅप उघडल्या उघडल्या ठिपक्याभोवती मोठं फिकट निळं वर्तुळ असतं, म्हणजे फोनला अजून नीट कळलेलं नाही. घळीत, कड्याच्या पोटात तर उपग्रहाचे संकेत कातळावर आपटून येतात. दोन-तीन मिनिटं थांबा, वर्तुळ लहान होऊ द्या, मग आकडे घ्या. दुसरी, घाईत आकडे उलटेपालटे होतात. त्याला सोपी कसोटी: महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २२ च्या घरात आणि दुसरा ७२ ते ८१ च्या घरात येतो. हरिश्चंद्रगड म्हणजे १९.३ ते १९.४ आणि ७३.७ ते ७३.८ च्या आसपास. तुमचा आकडा भलताच असेल तर पाठवण्याआधी परत बघा. हे आकडे मिळायला रेंज लागत नाही. बहुतेक फोनमध्ये एअरप्लेन मोडवरही जीपीएस चालतं. नकाशाचं चित्र दिसायला मात्र तो आधी घरी वायफायवर उतरवून घेतलेला असावा लागतो. हे काम तुम्ही आदल्या रात्री त्याच्याकडून करून घेऊ शकता, जेवायला वाढायच्या आधी.

हे आकडे एसएमएसने पाठवायचे. पोरांना व्हॉट्सअ‍ॅपशिवाय सुचत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपला डेटा लागतो आणि ‘लाइव्ह लोकेशन’ बॅटरी खातं. एसएमएस एक काडी येऊन-जाऊन असली तरी मधल्या क्षणात निसटून जातो. असा लिहायचा:

‘हरिश्चंद्रगड, खिरेश्वरहून सकाळी ७ ला निघालो, टोलार खिंडीच्या वर कातळटप्पा. १९.xxxx, ७३.xxxx. ५ जण, १ जखमी, उजवा पाय, शुद्धीवर. हा फोन चालू, ४०%. दर तासाला ५ मिनिटं चालू करू.’

एवढ्यात सगळं आलं. ‘प्लीज हेल्प’ लिहिण्यात अक्षरं घालवू नका, ते गृहीत आहे.

फोन कोणाला? ११२. देशभरासाठी हाच एक आकडा. पोलीस, आग, रुग्णवाहिका, सगळं त्यावरून पुढे जातं. याचा एक मोठा फायदा फार कमी जणांना ठाऊक असतो. तुमच्या कंपनीचा टॉवर नसेल, पण दुसऱ्या कुठल्या कंपनीचा असेल, तर स्क्रीनवर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ असं येतं. या अवस्थेत आईला फोन लागत नाही, एसएमएस जात नाही, पण ११२ लागतो, परक्या टॉवरवरून. ‘रेंज नाही’ म्हणून फोन खिशात टाकून देणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या स्क्रीनवर हे शब्द सकाळपासून होते. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाचं बटणही असावं लागतं: बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा, काहींवर पाचदा दाबायचं, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. मुलाच्या फोनवर किती वेळा ते सेटिंगमध्ये बघून ठेवा. चुकून लागला तर घाबरून कट करू नका, ‘चुकून लागला’ एवढं सांगून ठेवा, नाहीतर ते उलट फोन करत राहतात.

११२ च्या जोडीला डोंगरातल्या बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. राज्यभरातले स्वयंसेवी गट त्यातून एकमेकांशी जोडलेले असतात. त्याचा हेल्पलाइन नंबर आणि पायथ्याच्या गावात जेवणाची सोय करणाऱ्या मामांचा नंबर, हे दोन निघण्याआधी फोनमध्ये हवेत. खरं सांगायचं तर अडकलेल्यांपर्यंत पहिलं कोण पोचतं? बहुतेकदा गावातले मामा, पायात रबरी चपला, हातात काठी. आम्ही दोर घेऊन पोचेपर्यंत त्यांनी चहासुद्धा पाजलेला असतो.

कॉल झाला, मदत निघाली, आता खरी परीक्षा. एका मोहिमेत मुलांनी संध्याकाळी पाचला फोन केला तेव्हा बॅटरी ४२ टक्के होती. साडेसातला आम्ही पायथ्याला पोचून फोन लावला तर बंद. नंतर विचारलं तेव्हा कळलं. एकाने ‘आम्ही अडकलोय’ असा व्हिडिओ टाकला होता, त्यावर साठ-सत्तर जणांचे फोन आले. प्रत्येकाला तीच कथा सांगून झाली. एक काका तर फोनवरून वाट सांगत होते, ते १९९० च्या सुमाराला त्या गडावर गेले होते म्हणे. अंधार पडल्यावर दोघांनी मोबाईलचा टॉर्च लावून ठेवला. उरलेले टक्के त्यात गेले. आम्ही त्या घळीत पहाटे अडीचपर्यंत हाका मारत फिरलो.

तेव्हा ग्रुपमधल्या एकाचाच फोन चालू, बाकीचे पूर्ण बंद, प्लॅस्टिकच्या पिशवीत, अंगाजवळ, कारण थंडीनेही बॅटरी उतरते. चालू फोनची स्क्रीन मंद, डेटा बंद, ब्लूटूथ बंद. रेंज नसलेल्या ठिकाणी फोन टॉवर शोधत राहतो आणि रिकामा होतो, म्हणून ठरलेल्या वेळा सोडून एअरप्लेन मोड. घरच्यांना एकच निरोप, एकाच माणसाकडे. पुढे तो माणूस सगळ्यांना सांगेल. आणि टॉर्च वेगळा न्यायचा. दीड-दोनशे रुपयांचा हेडटॉर्च आणि वीस रुपयांची शिट्टी. शिट्टीला चार्जिंग लागत नाही! एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा सहा वेळा प्रकाश, मग एक मिनिट शांतता, परत सहा. हा जगभरचा संकटाचा इशारा आहे. समोरून तीनदा उत्तर आलं की समजायचं, पाहिलंय. शोध घेणाऱ्याला दोन डोंगर पलीकडून हालता मोबाईल टॉर्च दिसतो, पण सतत लावून ठेवू नका, आमच्या हाका ऐकू आल्या किंवा दिवे दिसले तरच लावा.

रेंज शोधायला फिरणं, यावर दोन शब्द. ओढ्यात, नाळेत उतरलं की रेंज जाते, सोंडेवर आलं की मिळते. सह्याद्रीच्या धारेवर तर कोकणातल्या लांबच्या टॉवरची मिळते. म्हणून वर जाणं बरोबर वाटतं. पण धुक्यात, शेवाळलेल्या कातळावर, डोळे स्क्रीनवरच्या काड्यांकडे लावून चालणारा माणूस हाच दुसरा जखमी ठरतो. जायचंच तर दोघांनी जायचं, आलेल्या वाटेनेच, अर्ध्या तासात परतायचं ठरवून, आणि फोन खिशात ठेवून. थांबायचं, मग बघायचं. परत खिशात, मग चालायचं.

फोटो-रीललाही हाच नियम, आणि मुलाला तुम्ही एकच वाक्य सांगणार असाल तर हे सांगा: फोन हातात तर पाय थांबलेले, पाय चालते तर फोन खिशात. कड्याच्या टोकाला फोटो हवाच असेल तर बसून काढा, उभ्याने मागे सरकत नाही. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ रील करताना एक तरुणी सुमारे तीनशे फूट खाली गेली, तिला वर काढायला बचावपथकांना काही तास लागले. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडला सेल्फी घेताना मुलगी समुद्रात ओढली गेली, आणि तिला वाचवायला उडी मारणारा माणूसही गेला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी सेल्फीसाठी धोक्याच्या जागा ठरवून दिल्या. उभ्या मालगाडीच्या टपावर चढून सेल्फी घेणाऱ्यांचीही तीच गत. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, हात लावायची गरजच पडत नाही, जवळ गेलं तरी वीज झेप घेते.

आता तुमचं स्वतःचं काम, कारण ते कोणी सांगत नाही. मुलगा अडकल्याचं कळलं की तुमचा जीव फोनकडे धावणार, दर पाच मिनिटांनी ‘बाळा ठीक आहेस ना’ विचारावंसं वाटणार. नका विचारू. तुमच्या हातात भरलेली बॅटरी आणि भक्कम रेंज आहे. त्याच्याकडे दोन्ही नाही. तुम्हीच ११२ लावा, पायथ्याच्या मामांना लावा, माहिती द्या. त्यासाठी निघण्याआधी त्याच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या: गड, पायथ्याचं गाव, वाट, बरोबर कोण, परत किती वाजता, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर तुम्ही हालचाल करायची. त्याच्या फोनच्या लॉक-स्क्रीनवरून उघडणारी आपत्कालीन माहितीही भरून ठेवा: रक्तगट, अ‍ॅलर्जी, तुमचा नंबर. बेशुद्ध माणसाचा लॉक असलेला फोन आमच्या हातात येतो आणि आम्ही त्याच्या घरच्यांचा फोन यायची वाट बघत बसतो, असं फार वेळा झालंय.

तुमची थोरली बहीण अमेरिकेत असते असं लिहिलंयत, म्हणून दोन गोष्टी. तिथून ११२ लावलं तर तो महाराष्ट्राला लागणार नाही, परदेशातल्या नातेवाइकांनी इथल्या जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षाचा पूर्ण नंबर जवळ ठेवायचा. आणि भाचा येताना उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणेल, तिकडच्या ट्रेकर्सकडे ते सर्रास असतं. इथे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला अशाच यंत्रापायी अडवलं होतं. चांगल्या हेतूने आणलेली वस्तू विमानतळावरच पोलिसांपर्यंत नेते.

पुराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगलीत माहेर आहे म्हणालात म्हणून थोडक्यात. मोठ्या आपत्तीत मोबाईल सगळ्यात आधी दगा देतो, हे धरूनच चाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा सगळी मुंबई एकाच वेळी फोन लावत होती आणि कोणालाच लागत नव्हता. टॉवरची वीज गेली की बॅटरीवर काही तास चालतो, मग तोही गप्प. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, ती बातमी बाहेर आली ती एका एसटी चालकामुळे. त्याला रोजच्या जागी गाव दिसलं नाही. तेव्हा ‘फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक’ असं पावसाळ्यात समजू नका. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. असा इशारा टॉवरखालच्या सगळ्या फोनना एकदम जातो, लाईन मोकळी असायची वाट बघत नाही. सेटिंगमध्ये तो बंद केला असेल तर चालू करा. पाणी घरात शिरायला लागलं की चार्जरकडे धावू नका. ओल्या भिंतीवरचा बोर्ड, ओला हात आणि ओला मोबाईल यांतून माणसं गेली आहेत. मेन स्विच बंद, कोरडी पॉवरबँक पिशवीत, आणि भिजलेला फोन पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावायचा नाही. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७.

आणि सासूबाईंना सांगा, १९०६ फ्रिजवर चिकटवला असेल तर तिथून काढा. वास आल्यावर तो वाचायला स्वयंपाकघरात परत कोण जाणार? जिन्यात, खालच्या मीटरच्या पेटीशेजारी खडूने मोठा लिहून ठेवा. शेजाऱ्यांनाही उपयोगी पडेल.